पोटातलं बाळ आणि माशाचं तेल : प्रस्तावना

लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि त्याखाली तिसरी ओळ : डीएचए. खासगी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या गरोदर बाईच्या चिठ्ठीवर ही तिसरी ओळ शहरात आता नेहमीची झाली आहे आणि तालुक्याच्या गावांतही दिसू लागली आहे. पहिल्या दोन गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या कशासाठी, हे आशाताई घरी येऊन सांगतात. तिसरी विकत घ्यावी लागते. तिच्याबद्दल बाईच्या कानावर एवढंच येतं, की बाळाचा मेंदू चांगला होतो. अलीकडे त्यात भर पडली आहे, की बाळाला पुढे दमा आणि ॲलर्जी होत नाही. या पुस्तिकेचा विषय आहे ही नंतर पडलेली भर. ती खरी आहे का, किती खरी आहे, आणि कुणासाठी?

हा प्रश्न मानोऱ्यात बसून विचारण्याला कारण आहे. वाशीम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी हा एक. पोहरादेवी याच तालुक्यात, म्हणून देशभरातल्या बंजारा समाजाला हा मुलूख ठाऊक आहे. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा ही पिकं. गावं आणि तांडे. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ५०० किलोमीटर लांब. इथल्या ताटात समुद्रातला मासा आला, तर तो आठवडी बाजारातल्या सुकटीच्या किंवा सुक्या बोंबलाच्या रूपात. तलावातला रोहू-कटला कधीमधी शिजतो, आणि माळकरी किंवा शाकाहारी घरांत तोही नाही. जगभरातले संशोधक आईच्या शरीरातल्या ज्या घटकाच्या कमतरतेबद्दल बोलतात, ती कमतरता इथे अपवाद नसून रोजची स्थिती असणार. आणि या विषयावरचे जवळजवळ सगळे मोठे अभ्यास झाले डेन्मार्क, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात, जिथे आठवड्यातून एक-दोनदा मासा खाणं ही साधी गोष्ट आहे.

आधी तेलाची ओळख. आपलं शरीर काही स्निग्धाम्लं स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांची दोन घराणी आहेत : ओमेगा-६ आणि ओमेगा-३. सोयाबीन, सूर्यफूल, सरकी या तेलांत पहिल्या घराण्याचा भरणा असतो. दुसऱ्या घराण्यातलं मूळ आम्ल जवसात आणि अळिवात भरपूर सापडतं, सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडं. पण ज्यांच्या नावानं गोळ्या विकल्या जातात ती ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची आम्लं तयार मिळतात ती मुख्यतः माशातून. मासाही ती स्वतः फारशी बनवत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात ती तयार होतात आणि लहान जीवांमार्फत माशापर्यंत पोचतात. म्हणूनच शेवाळापासून थेट काढलेलं शाकाहारी डीएचएही बाजारात आहे. जवसातल्या आम्लापासून आपलं शरीर ईपीए थोडं बनवतं, डीएचए फारच थोडं.

दोन्ही घराण्यांना शरीरात तीच एन्झाइमं लागतात, त्यामुळे ज्याचा पुरवठा जास्त त्याचीच सरशी होते. ओमेगा-६ मधून जे रासायनिक संदेश तयार होतात त्यांतले काही दाह वाढवतात, आणि रोगप्रतिकारक पेशींना ॲलर्जीच्या दिशेला झुकवणारेही त्यांत आहेत. ओमेगा-३ मधून निघणारे संदेश तुलनेनं सौम्य असतात आणि दाह शमवणारेही असतात. बाळाची प्रतिकारशक्ती पोटातच घडायला लागते आणि त्या काळात तिचा कल स्वभावतःच ॲलर्जीच्या बाजूला असतो. जन्मानंतर माती, जंतू आणि आईचं दूध यांच्या संगतीत तो कल सावरतो. त्या घडणीच्या महिन्यांत आईच्या रक्तातलं तेल बदललं तर बाळाचा कल बदलेल का, हा संशोधकांचा मूळ प्रश्न. तर्क चांगला आहे. वैद्यकात मात्र चांगल्या तर्काला बायकांवर, मुलांवर, वर्षानुवर्षं तपासावं लागतं.

सुरुवातीच्या अभ्यासांनी आशा वाढवली. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे १९९० मध्ये ५३३ गरोदर बायकांना तीन गटांत विभागलं होतं : काहींना तिसाव्या आठवड्यापासून माशाचं तेल, काहींना ऑलिव्हचं तेल, काहींना काहीच नाही. त्या मुलांच्या नोंदी सोळा वर्षं पाहिल्यावर माशाच्या तेलाच्या गटात दम्याचं निदान ऑलिव्ह गटापेक्षा ६३ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा दिपवणारा आहे, पण दोन्ही गटांत मिळून दम्याचं निदान झालेली मुलं होती फक्त १९. एवढ्या थोड्या मुलांवर उभी राहिलेली टक्केवारी पुढच्या अभ्यासात टिकेलच असं नसतं. स्वीडनमधल्या लिंकोपिंगचा २००९ मधला अभ्यास १४५ बायकांचा. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या या बायकांच्या बाळांत पहिल्या वर्षात अन्नाची ॲलर्जी तेलाच्या गटात २ टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के आढळली. हाही अभ्यास लहानच.

मग ऑस्ट्रेलियानं संख्या वाढवली. आनुवंशिक धोका असलेल्या ७०६ बाळांच्या आयांपैकी काहींना एकविसाव्या आठवड्यापासून रोज ९०० मिलिग्रॅम ओमेगा-३ देण्यात आलं. निकाल २०१२ मध्ये आला. एकूण ॲलर्जी पहिल्या वर्षात ९ टक्के विरुद्ध १३ टक्के. पण हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतकाच होता. इसब आणि अंड्याविषयीची संवेदनशीलता मात्र कमी दिसली : इसब ७ विरुद्ध १२ टक्के, अंडं ९ विरुद्ध १५ टक्के. संशोधकांनी ही मुलं पुढे तिसऱ्या आणि सहाव्या वर्षीही तपासली, आणि तोवर एकूण ॲलर्जीतला फरक उरलेला नव्हता. ही माहिती गोळीच्या जाहिरातीत येत नाही. पहिल्या वर्षाचा आकडा येतो, सहाव्याचा येत नाही. आईला मात्र सहाव्या वर्षाचंच मूल शाळेत पाठवायचं असतं, म्हणून या पुस्तिकेत दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले आहेत.

सगळ्यात जास्त बोललं गेलं ते कोपनहेगनच्या अभ्यासाबद्दल, आणि त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. हान्स बिसगार्ड आणि सहकाऱ्यांनी तो २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. ७३६ बायकांना चोविसाव्या आठवड्यापासून रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ किंवा तेवढंच ऑलिव्ह तेल. कुणाला काय मिळतंय हे बाईला माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ६९५ मुलं पाच वर्षांपर्यंत पाहिली. वारंवार छाती घरघरणं किंवा दमा तेलाच्या गटात १६.९ टक्के, दुसऱ्या गटात २३.७ टक्के. श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचे संसर्गही कमी. पण इसबात फरक नाही, आणि ॲलर्जीच्या चाचण्यांतही नाही. म्हणजे फायदा झाला तो श्वासाला. ज्याला आपण नेमकेपणानं ॲलर्जी म्हणतो तिला झालेला दिसत नाही. मराठी बातम्यांत मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मानोऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीला ज्या बायकांच्या रक्तात ईपीए आणि डीएचए सर्वांत कमी होतं त्या एक-तृतीयांश बायकांच्या मुलांत हे प्रमाण ३४.१ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांपर्यंत घसरलं, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. ज्यांच्या रक्तात ते आधीच पुरेसं होतं त्यांना तेवढा लाभ दिसला नाही. मासे खाणाऱ्या देशातल्या बायकांत ज्या सर्वांत मागे होत्या, त्यांना तेल उपयोगी पडलं. मग जिथे बहुतेक बायका त्याहूनही मागे असण्याचा संभव आहे, तिथे काय होईल? हा प्रश्न डॅनिश बाईपेक्षा तांड्यावरच्या याडीचा, म्हणजे आईचा, जास्त आहे. आणि तिच्याबाबत तो विचारलाच गेलेला नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि ही पुस्तिका वाचताना ती सतत डोळ्यांसमोर ठेवावी अशी माझी विनंती आहे.

तरीही घाईनं निष्कर्ष काढू नये, असं सांगणारा अनुभव आपल्या शेजारीच आहे. बेळगावच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात २०१५ च्या अखेरीपासून ९५७ गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना विसाव्या आठवड्याच्या आतपासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिलं गेलं, तेही शेवाळातून काढलेलं, म्हणजे शाकाहारी बाईलाही चालेल असं. भारतात या विषयावर एवढी काळजीपूर्वक केलेली चाचणी विरळाच, आणि ती मराठी बोलणाऱ्या सीमाभागात झाली ही आपल्यासाठी मोलाची गोष्ट. तिथे पाहिलं गेलं ते बाळाचं जन्मावेळचं माप आणि वर्षाच्या वयाला झालेली वाढ, बुद्धी आणि हालचालींची. डीएचए घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या बाळांत फरक दिसला नाही. बेळगावच्या बायकांतही माशाचं प्रमाण कमीच होतं. कमतरता आहे म्हणून गोळी दिली की फायदा होईलच, हे गृहीत धरता येत नाही, हा बेळगावचा धडा. मात्र त्या चाचणीत श्वास आणि ॲलर्जी हा मुख्य प्रश्न नव्हता, आणि मात्रा कोपनहेगनच्या सहाव्या हिश्श्याएवढी होती.

मात्रेबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. साध्या ‘१००० मिलिग्रॅम’ माशाच्या तेलाच्या गोळीत प्रत्यक्ष ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतं : १८० आणि १२०. बाकीचं साधं तेल. कोपनहेगनची मात्रा गाठायची तर अशा आठ गोळ्या रोज. चोविसाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत सुमारे ९०० गोळ्या, म्हणजे ६० गोळ्यांच्या पंधरा बाटल्या. रोजगार हमीवर दिवसाला २९७ रुपये हा २०२४-२५ चा दर होता. पंधरा बाटल्यांचा हिशेब ज्याचा त्यानं करून पाहावा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी सुचवलेलं प्रमाण रोज ३०० मिलिग्रॅम आहे, त्यातलं डीएचए किमान २००. ते सर्वसाधारण पोषणासाठी सांगितलेलं प्रमाण आहे, दमा टाळण्यासाठीचं नव्हे.

आणखी एक गोंधळ धोक्याचा आहे. माशाचं तेल आणि माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉड लिव्हर ऑईलची पिवळी गोळी आपल्या घरांना पिढ्यांपासून ओळखीची. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारं तेल थांबलं तेव्हा मुंबई आणि मद्रास प्रांतांत शार्कच्या यकृताचं तेल काढण्याचे सरकारी प्रयत्न झाले होते, कारण त्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. रातांधळेपणावर ते खरंच उपयोगी. पण गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाच्या घडणीला इजा होऊ शकते. सासूनं मायेनं आणून ठेवलेली बाटली यकृताच्या तेलाची असेल तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

आता आपल्या भागाकडे. ॲलर्जी हा इथला किती मोठा प्रश्न? अन्नाच्या ॲलर्जीबाबत भारतातली स्थिती युरोपापेक्षा बरीच वेगळी दिसते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत अन्नाची संभाव्य ॲलर्जी ०.१४ टक्के मुलांत निघाली. त्याच पाहणीत हाँगकाँगला ती १.५ टक्के होती. अंडं किंवा शेंगदाणा खाऊन जीव घाबरा होणारी मुलं आपल्याकडे थोडी. छाती घरघरणं, धाप लागणं, वारंवार सर्दी-खोकला यांचं तसं नाही. लहान बाळाच्या श्वासाला ‘डब्बा’ म्हणत गावोगाव जे उपचार चालतात, त्यात न्यूमोनिया, दमा, साधी सर्दी सगळं मिसळलेलं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकात बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर काम सुरू केलं, तेव्हा आयांच्या तोंडच्या अशाच शब्दांपासून सुरुवात करावी लागली होती. मानोऱ्यात तेलाचा अभ्यास उद्या झालाच, तर त्यालाही याच वाटेनं जावं लागेल. ‘व्हीझ’ हा शब्द प्रश्नावलीत छापून चालणार नाही. बाळाची छाती वाजते का, रात्री श्वास घेताना पोट उडतं का, असं विचारावं लागेल.

आणि श्वासाची कारणं शोधायची तर तेलाच्या आधी धूर येतो. पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्यांवर पेटणारी चूल, बंद खोलीत बसून स्वयंपाक करणारी गरोदर बाई, शेजारी बिडी ओढणारा माणूस. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून सिलिंडर घरात आलं, पण रिकामं झाल्यावर ते परत भरलं गेलं नाही की चूल पेटतेच. आईच्या पोटात असताना आणि पहिल्या वर्षात धुराचा संपर्क आला तर मुलाची छाती घरघरण्याचा धोका वाढतो, याचा पुरावा माशाच्या तेलाच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. आशाताईंजवळ सांगायला एकच मिनिट असेल तर ते मिनिट तेलाला देऊ नये, धुराला द्यावं. रक्तक्षयाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांत ४५ टक्क्यांहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय होता. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची ती लाल गोळी १८० दिवस घेतली जाणं, ही कुठल्याही महागड्या गोळीच्या आधीची गोष्ट.

स्वयंपाकघरातला बदल मात्र तेलाच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. विदर्भ हा जवसाचा मुलूख होता. गहू-हरभऱ्याच्या कडेनं, मिश्र पीक म्हणून जवस पेरला जायचा. निळ्या फुलांची ती ओळ आता क्वचित दिसते. सोयाबीन आलं, पैसा आला, घाणे बंद पडले आणि डब्यातलं तेल घरात आलं. सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-६ असतं, जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३. एका पिढीत ताटातला तोल असा उलटला. जवसाची चटणी अजून सगळ्या घरांतून गेलेली नाही, बाळंतिणीचे अळिवाचे लाडूही नाहीत. भाकरीबरोबर चमचाभर भाजलेल्या जवसाची चटणी ही गरोदर बाईनंही नेहमीच्या जेवणात खाण्यासारखी वस्तू आहे. मात्र जवसाच्या तेलाच्या गोळ्या स्वतःहून घेणं वेगळं. गरोदरपणात त्या सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही. आणि जवसानं माशाच्या तेलाचं काम होईल असंही कुणी सांगू नये, कारण शरीर त्याचं डीएचए फार थोडंच करतं. जवस जेवणातला तोल काही अंशी सावरतो, आणि तेवढ्यासाठीही त्याला ताटात परत आणणं योग्य आहे.

जिथे मासा चालतो तिथे गोष्ट सोपी. बांगडा आणि तारली हे स्वस्त समुद्री मासे ओमेगा-३ च्या बाबतीत भरपूर. तलावातल्या रोहू-कटल्यात ते कमी, पण प्रथिनं चांगली. आठवड्यातून एक-दोनदा मासा खाणाऱ्या बाईला गोळीची गरज बहुधा नाही. मुशीसारखा मोठा शिकारी मासा पाऱ्यामुळे गरोदरपणात टाळावा. सुकट खारवलेली असेल तर रक्तदाब वाढलेल्या बाईनं जपून खावी.

जन्मानंतरचीही एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण ॲलर्जीच्या भीतीनं शिकलेल्या घरांत हल्ली उलटं चाललं आहे : वर्षभर अंडं नाही, शेंगदाणा नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी ८० टक्क्यांहून अधिक कमी झाली. सहा महिने फक्त आईचं दूध, मग उष्टावण, आणि वरणभाताबरोबर बारीक शेंगदाण्याचं कूट, शिजलेलं अंडं चालत असेल तर तेही. अख्खा दाणा नको, तो श्वासनलिकेत अडकतो. ज्या बाळाला आधीच मोठं इसब आहे, त्याच्याबाबत डॉक्टरांना विचारून.

मग गरोदर बाईनं माशाच्या तेलाची गोळी घ्यावी की नाही? डॉक्टरांनी दिली असेल, परवडत असेल, तर घ्यावी. तिचा अपाय फारसा दिसलेला नाही. उलट अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ३७ आठवड्यांआधीची प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा माशाची ॲलर्जी असेल, तर आधी सांगावं. पण कुणी तिच्यासाठी कर्ज काढत असेल, किंवा ती घेतली नाही म्हणून सुनेला दोष देत असेल, तर त्याला थांबवावं. बाळाला दमा झाला तर तो आईनं गोळी न घेतल्यामुळे झाला, असं म्हणण्याइतका पुरावा जगात कुठेही नाही.

जो पुरावा हवा तो इथेच गोळा व्हायला हवा, आणि ते अशक्य नाही. बेळगावनं दाखवलं की शाकाहारी डीएचएच्या अशा चाचणीत हजाराच्या आसपास बायका भारतातही टिकून राहतात. वाशीम जिल्ह्यात करायचं तर सर्वांत आधी शंभर-दोनशे गरोदर बायकांच्या रक्तातलं ईपीए आणि डीएचए मोजावं लागेल, गावातल्या आणि तांड्यावरच्या, मासा खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या. त्यावरून कमतरता किती खोल आहे हे कळेल. पुढे मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याचा श्वास पाहावा लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे. सुगी आटोपली की अनेक कुटुंबं कामासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा आणखी लांब निघतात. लेकरू बरोबर जातं. कोपनहेगनच्या आया मुलांना घेऊन दवाखान्यात येत राहिल्या, इथे दवाखान्यालाच मुलाच्या मागे जावं लागेल. आशाताईच्या नोंदवहीत त्या मुलाचं नाव गाव सोडल्यावरही राहील, दुसऱ्या जिल्ह्यातली आशाताई तिथून पुढची नोंद करील, आणि अभ्यासाचा खर्च मांडताना ही व्यवस्था पहिल्याच पानावर असेल, तर मानोऱ्याच्या मुलांबद्दल बोलणारा आकडा मिळू शकेल.